नौपाड्यातली कागदवाचन सेवा : बढती डावलल्याचे जुने अर्ज वाचून घ्यायचे असतील तर

ठाणे-कल्याण-पनवेल पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर पत्र्याची ट्रंक असते, ट्रंकेत फडक्यात बांधलेले बाड असते. घरातले कोणी इंग्रजी अमलात मामलेदार कचेरीत किंवा कलेक्टर कचेरीत नोकरीला असेल, तर त्या बाडात एक कागद बऱ्याचदा निघतो : ‘माझ्याहून कनिष्ठ माणसाला माझ्या डोक्यावर नेमले’ अशी तक्रार करणारा अर्ज. इंग्रजी वळणदार, शाई तपकिरी पडलेली, मध्येच मोडीत चार ओळी. घरच्यांना खालची सही ओळखू येते, बाकी काही लागत नाही. असे बाड वाचून, लिप्यंतर करून, अर्थ लावून देणारी एक छोटी सेवा ठाण्याच्या नौपाड्यात चालते. दोन खोल्या, तिघे जण, एक सपाट स्कॅनर आणि भिंतभर जुन्या याद्यांच्या प्रती. हे परीक्षण त्यांच्या नोकरीविषयक कामापुरतेच आहे. जमिनीचे कागद किंवा वंशावळी ते कशा हाताळतात, तो वेगळा विषय.

मोडी वाचणारे आता ठाण्यात बरेच आहेत. इंग्रजी हस्ताक्षर वाचणारेही सापडतात. पण बढतीचा अर्ज नुसता वाचून कळत नाही, कारण त्यात लिहिलेले अर्धेच असते. उरलेले अर्धे त्या काळच्या ग्रेडच्या यादीत, रजेच्या नोंदीत आणि अर्जाच्या पाठीवरच्या शेऱ्यात असते. ही सेवा ते उरलेले अर्धे शोधायला बसते, म्हणून तिची शिफारस करावीशी वाटते. काही चुकाही आहेत, आणि त्या बारीक नाहीत.

आधी त्यांचे सर्वांत चांगले काम. अर्जात ‘प्रमोशन’ हा शब्द आला की बहुतेक भाषांतरकार सरसकट ‘बढती’ लिहून मोकळे होतात. तिथेच अर्थाचा घात होतो. त्या काळी वरची जागा मिळण्याचे तीन प्रकार होते. पहिला कायम, म्हणजे ‘सब्स्टँटिव्ह’. दुसरा ‘सब. प्रो टेम.’ : जागेचा मूळ माणूस लांब मुदतीवर दुसरीकडे गेलेला, पण त्याचा धारणाधिकार मागे शिल्लक, तोवर ही जागा तुमची. तिसरा ‘अ‍ॅक्टिंग’, मराठीत हंगामी : मूळ माणूस रजेवर, तो आला की तुम्ही परत आपल्या जागी. अर्जदाराची तक्रार यांतल्या नेमक्या कुठल्या पायरीबद्दल आहे, ते ठरवल्याशिवाय अर्जाला अर्थ येत नाही.

हंगामी नेमणुकीची साखळी ते कागदावर काढून देतात, आणि ती पाहण्यासारखी असते. एखादा डेप्युटी कलेक्टर रजेवर गेला की त्याच्या जागी एक मामलेदार हंगामी चढतो. त्या मामलेदाराच्या जागी एक अव्वल कारकून, त्याच्या जागी खालचा कारकून, असे चार-पाच जण एकाच हुकुमाने हलतात. साहेब परत आले की सगळे एकेक पायरी उतरतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे तात्पुरते वाटते. पण ज्याने दोन-तीनदा हंगामी मामलेदारी केली, त्याचा कायम जागेवरचा दावा वजनदार होई. त्यामुळे खरे भांडण कायम जागेआधीच, या हंगामी पायरीवर लागलेले असते. अर्जदार ‘मला डावलले’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचे म्हणणे एवढेच असते : अमुक महिन्यांच्या रजेच्या जागेवर माझा नंबर होता, तो दुसऱ्याला दिला, आणि आता तो त्या अनुभवाच्या जोरावर कायम होतोय. ही साखळी डोळ्यांपुढे असेल तरच अर्जातला राग नीट समजतो.

दुसरी गोष्ट ग्रेडची. मामलेदारांच्या ग्रेड होत्या आणि पगार ग्रेडवर ठरे, तालुक्यावर नाही. माणूस मुरबाडलाच राहून खालच्या ग्रेडमधून वरच्या ग्रेडमध्ये जाऊ शकत होता. घरचे लोक पत्रांवरचे पत्ते पाहून ‘आजोबा दहा वर्षे एकाच जागी, म्हणजे बढती नाही’ असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा ठरू शकतो. उलट, मोठ्या तालुक्याला बदली झाली म्हणजे बढती झाली, हेही खरे नाही. नौपाड्यातली मंडळी वर्षावर्षाची यादी मांडून ग्रेड आणि ठिकाण हे दोन वेगळे रकाने करतात. हा तक्ता मागून घ्याच. तो मूळ दरात येतो, पण न मागितल्यास देत नाहीत.

ही यादी कुठून आणतात, तेही विचारा. मामलेदार आणि त्यावरच्या नेमणुका मुंबई सरकारच्या छापील सिव्हिल लिस्टमध्ये सापडतात. साध्या कारकुनांची नावे तिथे मिळत नाहीत. त्यांच्यासाठी महसूल खात्याच्या फाइली बघाव्या लागतात, आणि त्या मुंबईत पुराभिलेख संचालनालयात. तिथला संदर्भ खाते, वर्ष, खंड आणि कॉम्पिलेशन क्रमांक अशा क्रमाने लिहितात. तुमच्या बाडातल्या पत्रावर डाव्या कोपऱ्यात ‘आर. डी.’ आणि पुढे आकडा असेल तर तो महसूल खात्याचा क्रमांक, ‘जे. डी.’ असेल तर न्याय खात्याचा, ‘जी. डी.’ असेल तर सामान्य खात्याचा. हा एक आकडा बरोबर वाचला गेला तर मुंबईतले चार दिवसांचे शोधकाम अर्ध्या दिवसावर येते. इथे ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत नेहमी होते. म्हणून त्या आकड्याचा मोठा केलेला फोटो वेगळा मागा आणि स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा.

आता कागदाची एक बाजू जवळून. अर्ज फुलस्केप तावावर, अर्ध्या समासात लिहिलेला असतो : उजव्या अर्ध्यात मजकूर, डावा अर्धा कोरा. तो कोरा भाग शोभेला सोडलेला नसतो. तिथे कलेक्टर किंवा त्याचा असिस्टंट शेरे मारतो. ताव उभा चौपदरी दुमडला की बाहेर आलेल्या पट्टीवर गोषवारा : कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय. त्या पट्टीच्या खाली पेन्सिलीचा, आता जवळजवळ पुसलेला, एखादाच शब्द असतो : ‘फाइल’, म्हणजे दप्तरी दाखल. त्याच्या बाजूला दोन अक्षरांची आद्याक्षरी सही. आत अर्जदाराने तीन-चार ताव ओतलेले असतात. ‘अत्यंत नम्रपणे निवेदन करतो की’ या अर्थाच्या ठरीव इंग्रजी ओळीने सुरुवात, नोकरीची वर्षे, परीक्षा, साहेबांच्या शिफारशी, आणि ‘या उपकारासाठी अर्जदार सदैव प्रार्थना करील’ हा ठरीव शेवट. आणि बाहेर तो एक पेन्सिली शब्द. या सेवेने तो शब्द टिपला आहे, तिरप्या उजेडात फोटो काढून वाचला आहे आणि टिपणात पहिल्या ओळीत लिहिला आहे. अर्जाचे काय झाले, याचे उत्तर आत नसून त्या पट्टीवर असते. पट्टी स्कॅन न करणाऱ्याला बाड देऊ नका.

पण हेच लोक ‘कोऱ्या’ बाजू स्कॅन करायला मात्र टाळाटाळ करतात. पाठीमागच्या कोऱ्या वाटणाऱ्या बाजूवर आवक क्रमांकाचा शिक्का, तारीख किंवा पाठवणीची नोंद असू शकते. अर्ज कलेक्टरकडे कोणत्या दिवशी पोहोचला आणि पुढे कमिशनरकडे कोणत्या दिवशी गेला, यातले अंतर त्यावरूनच कळते. सुरुवातीलाच सांगा : प्रत्येक तावाच्या सगळ्या बाजू, रंगीत, किमान ३०० डीपीआय, शाई उडालेली असेल तिथे ६००. काळ्या-पांढऱ्यात काढलेली प्रत घेऊ नका. पेन्सिल, लाल शाई आणि मूळ शाई हे तीन हात तिच्यात एक होऊन जातात, आणि कोणता शेरा कोणत्या अधिकाऱ्याचा हे नंतर सांगता येत नाही.

अर्जाचा प्रवास त्यांनी छान उलगडून दिलेला असतो. अर्ज ‘योग्य मार्गाने’ म्हणजे वरिष्ठाच्या हातूनच जायचा. मामलेदार, कलेक्टर, कमिशनर, मग मुंबई सरकार. त्याहून वर गव्हर्नर जनरल आणि शेवटी लंडनला स्टेट सेक्रेटरी. प्रत्येक टप्प्यावर पृष्ठांकन, म्हणजे पाठीवर शेरा. ठरावीक कारणांसाठी अर्ज वर न पाठवता रोखून धरण्याची मुभा सरकारला नियमांत होती, त्यामुळे उत्तर नाही म्हणजे अर्ज लंडनला जाऊन नाकारला गेला, असे समजू नये. पुष्कळदा तो ज्या साहेबाविरुद्ध होता त्याच्याच टेबलावरून पुढे सरकलेला नसतो. सरकारचे उत्तर ठरावाच्या रूपात येई. आपण आज ज्याला जीआर म्हणतो, तो त्याच इंग्रजी नावाचा वारस. ठरावाच्या प्रतीत कारण एका ओळीत असते, कधी नसतेच.

प्रतिस्पर्धी शोधताना ठाणे जिल्ह्यातच अडकून पडू नका. मामलेदारांच्या नेमणुका आणि बढत्या कमिशनरच्या हातात असत, त्यामुळे डोक्यावर आलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला असू शकतो. आणि जिल्हाही आजचा धरू नका. १८८२ साली छापलेल्या ठाणे गॅझेटियरमध्ये पनवेल आणि कर्जत हे ठाणे जिल्ह्याचेच तालुके आहेत. नवी मुंबईतल्या कुटुंबांनी रायगडच्या दप्तरात शोधून हात हलवत परत येण्याआधी हे पाहावे. सेवेच्या लोकांना हे पक्के ठाऊक आहे. पनवेलच्या कागदांना ते आपणहून दोन्ही जिल्ह्यांचे संदर्भ लावतात.

१८८८ ते १८९० या वर्षांचे बाड असेल तर एक जास्तीचा प्रश्न विचारायलाच हवा. याच काळात आर्थर क्रॉफर्ड या कमिशनरची चौकशी झाली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला ज्यांचे नाव होते, तेच हे. बढत्या आणि बदल्यांसाठी त्यांच्या नावाने मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप होता. चौकशी आयोगाने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचे सिद्ध धरले आणि त्यांची नोकरी गेली. अभय देऊन ज्या मामलेदारांच्या साक्षी घेतल्या, त्यांचे काय करायचे यावर मोठे वादळ उठले. टिळकांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि १८८९ साली त्यांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. या दोन-तीन वर्षांत एखाद्याचा नंबर यादीत अचानक वर-खाली झाला असेल तर तो त्याच्या कामामुळेच झाला असे धरता येत नाही. शेजारच्या जागा का रिकाम्या झाल्या, ते आधी तपासावे लागते. सेवेच्या टिपणात हा मुद्दा आपणहून येत नाही. विचारल्यावर मात्र त्यांनी यादी पुन्हा लावून दिली आणि ती बरोबर होती.

सर्वांत मोठी चूक त्यांच्या ‘पार्श्वभूमी’ टिपणात आहे. प्रत्येक फाइलीला तेच दोन पानी टिपण जोडतात : हिंदी माणसाला वरच्या जागा जवळजवळ बंद होत्या, १८६१ च्या कायद्याने त्या सनदी नोकरांसाठी राखून ठेवल्या, आयसीएसची परीक्षा लंडनला होई, १८७६ मध्ये वयाची अट १९ वर आणली, वगैरे. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. पण ते कारकुनाच्या फाइलीला लागू नाही. सनदी (म्हणजे आयसीएसवाल्यांची) आणि बिनसनदी (म्हणजे इथेच नेमलेल्यांची) नोकरी या दोन वेगळ्या शिड्या होत्या. सनदी शिडीवर सेवाज्येष्ठतेचे तत्त्व १७९३ च्या चार्टर अ‍ॅक्टपासून होते. तिथली तक्रार गोऱ्या विरुद्ध गोरा अशी, किंवा सत्येंद्रनाथ टागोरांसारख्या मोजक्या हिंदी माणसांची. ते १८६३ साली निवडले गेलेले पहिले हिंदी आयसीएस. मुंबई इलाख्यात नोकरी केली आणि १८९७ मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. अव्वल कारकून ते मामलेदार ते डेप्युटी कलेक्टर ही शिडी पूर्ण निराळी. तिच्यावर पुढे उभा असलेला माणूस बहुधा आपल्यातलाच : शेजारच्या कचेरीतला, दुसऱ्या जातीचा, किंवा कॉलेजातून पदवी घेऊन थेट वर आलेला तरुण. वीस वर्षे दप्तर सांभाळलेल्या माणसाचा जीव तुटायचा तो या पदवीधरापायी. त्या अर्जाच्या मागे लंडनच्या परीक्षेची पार्श्वभूमी लावली की घरचे लोक भलतीच गोष्ट समजून घरी जातात. १८७९ ची स्टॅट्युटरी सेवा (हिंदी माणसांना नेमणुकीने वरच्या जागा देणारी), सरकारी नोकऱ्यांचा विचार करणारा १८८६-८७ चा अ‍ॅचिसन आयोग आणि त्यातून आलेली प्रांतिक सेवा, एवढे तरी त्या टिपणात असायला हवे, कारण डेप्युटी कलेक्टरच्या जागांवर त्यांचाच परिणाम झाला. टिपण काढून टाका असे सांगितले तर ते काढतात, पण पैसे कमी करत नाहीत.

लहान चुकांत वर्षाची. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. कागदावर ‘सन १८८६-८७’ असेल आणि नोंद जूनची असेल तर ते इसवी १८८७ धरावे लागते. एका नमुना लिप्यंतरात हे उलटे झाले होते आणि त्यामुळे हंगामी नेमणूक अर्जाच्या नंतर झाल्याचे दिसत होते. मोडी भागात ‘बिन’ आणि ‘वल्लद’ (दोन्हींचा अर्थ ‘अमक्याचा मुलगा’) ते नीट वाचतात, पण एकाच नावाच्या दोन कारकुनांना एक समजण्याचा धोका राहतोच. परीक्षेची नोंद हा त्यावरचा चांगला उपाय : खात्याची लोअर आणि हायर स्टँडर्ड परीक्षा कोणत्या वर्षी पास झाला, ते दोघांचे वेगळे निघते. आणि पगाराबद्दल एक : गॅझेटियरमध्ये रकमा पौंडात छापलेल्या आहेत, दहा रुपयांना एक पौंड या हिशेबाने, आणि त्या वर्षाच्या. त्या महिन्याच्या समजून पणजोबांना साहेबाचा पगार देऊ नका.

दर बाजूनुसार आहे : इंग्रजी बाजूला १५० रुपये, मोडी बाजूला ३००, अर्थाच्या टिपणाचे वेगळे. एक ताव दुमडला की चार बाजू होतात, त्यामुळे ‘दहा कागद’ म्हणून दिलेले बाड चाळीस बाजूंचे निघते. अर्ध्या समासाच्या बाजूला मजकूर निम्माच असतो. तिथे निम्मा दर लावून घेता येतो, आधी बोललात तर. वीसेक तावांना तीन आठवडे धरा. मुंबईतल्या दप्तरात शोध घ्यायचा असेल तर तो काळ वेगळा, आणि त्यांना पाठवण्याआधी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या मोफत संकेतस्थळावर स्वतः नाव, हुद्दा आणि वर्ष टाकून पाहा.

आजच्या नोकरीतल्या बढतीची तक्रार घेऊनही काही जण त्यांच्याकडे जातात. नवी मुंबईतल्या कोकण भवनातल्या सरकारी कर्मचाऱ्यांची संख्या त्यात बरीच आहे. तो त्यांचा प्रांत नव्हे, आणि ते तसे सरळ सांगतात. त्यासाठी प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. १९८५ च्या कायद्याप्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत. निवेदनाला सहा महिने उत्तर आले नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. पुन्हा पुन्हा निवेदने देऊन ही मुदत वाढत नाही. जुन्या अर्जदारांना ती सवय होती, आजच्यांनी लावून घेऊ नये.

बाड नेण्याआधी घरी करायचे काम : फीत किंवा ओवलेला दोरा सोडण्याआधी कागदांचा क्रम फोटोत टिपा. फाइल खालून वर वाढलेली असते, म्हणजे सर्वांत जुना कागद तळाशी. तो क्रम मोडला तर कोणता शेरा कोणत्या अर्जावरचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक तावाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक आकडा घाला. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर कदापि नको; जुन्या शाईतले आम्ल कागद खातच राहते आणि प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. त्यांच्याच दुकानात लॅमिनेशनचे यंत्र ठेवलेले आहे, ‘करून देऊ का’ असे विचारतात. नाही म्हणा. परत घेताना ताव मोजा, आकडे जुळवा, आणि पट्टीवरच्या पेन्सिलीच्या शब्दावर कोणी खोडरबर फिरवलेला नाही ना, ते खिडकीपाशी नेऊन पाहा.